स्क्वाड्रनच्या चिन्हात नक्की काय काढतात? (आणि आमच्या लेकीचा आठ गोष्टींचा वाघ)

कागदी_विमान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लेक कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला आहे. पुढच्या महिन्यात शिबिर आहे, त्यासाठी दहा-दहा जणांचे गट पाडलेत आणि प्रत्येक गटाने स्वतःचं 'स्क्वाड्रन क्रेस्ट' (म्हणजे विमानांच्या तुकडीचं चिन्ह) काढून, पॅच शिवून आणायचाय.

परवा तिने चित्र दाखवलं. मधे वाघ. वाघाला पंख. तोंडात तलवार. मागे किल्ला, किल्ल्यावरून तेजस निघालंय, दोन्ही बाजूंना विजा, वर उगवता सूर्य, खाली अशोकचक्र. आणि कडेने इंग्रजीत 'फिअरलेस रोअरिंग स्काय टायगर्स'. मी म्हटलं, छानच आहे गं, फक्त खाली शुभेच्छुकांचे फोटो राहिलेत. तेव्हापासून घरात अबोला आहे.

तर प्रश्न दोन. एक, खऱ्या स्क्वाड्रनच्या चिन्हांना काही नियम असतात का? दुसरा माझा स्वतःचा, जो मला जरा खटकतो: नावं सगळी इंग्रजी, ब्रीदवाक्य संस्कृत आणि चित्र कुठल्यातरी जनावराचं. ही खिचडी कुणी शिजवली?

चहाबिस्किट

पहिला!
वाघ + पंख + किल्ला + तेजस. एवढं वजन घेऊन वाघ उडणार कसा, तेवढं विचारा.

निवृत्त_फिटर

वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो, म्हणून लिहितो.

नियम आहेत. हवाई दलाच्या चिन्हाची बाहेरची चौकट सगळ्यांची सारखी: वर्तुळाकार पट्टा, त्याभोवती पानांची माळ, माथ्यावर अशोकस्तंभाचे सिंह आणि खाली फीत, त्या फितीवर ब्रीदवाक्य. ही चौकट ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सकडून आली. त्यांनी १९३६ च्या सुमारास सगळ्या स्क्वाड्रनना एकसारखी चौकट ठरवून दिली आणि वर मुकुट बसवला. आपण मुकुट उतरवला आणि सिंह ठेवले. युनिटच्या हातात राहते ती फक्त मधली जागा आणि खालची फीत. त्या मधल्या जागेत साधारण एकच वस्तू असते, फार तर दोन. प्रस्ताव युनिटकडून जातो, मंजुरी वरून येते. कमांडिंग ऑफिसरच्या मनात आलं म्हणून बिबट्याचा गरुड होत नाही.

आणि विमान काढायचं नाही, हा माझ्याकडून लेकीला फुकटचा सल्ला. १७ नंबरची स्क्वाड्रन बघा, 'गोल्डन ॲरोज', म्हणजे सोनेरी बाण. १९५१ साली अंबाल्याला हार्वर्ड विमानांवर उभी राहिली. मग व्हँपायर, मग हंटर, मग मिग-२१, आता राफेल. मधे विमान काढलं असतं तर प्रत्येक वेळी चित्र जुनं झालं असतं. बाण काही जुना होत नाही.

अवांतर: आमच्या एका युनिटमध्ये इन्स्पेक्शनच्या आधी क्रू-रूमच्या दारावरचं चिन्ह नव्याने रंगवायला गावातला पेंटर बोलावला होता. त्याने जीव ओतून काम केलं, पण बिबट्याला लांब मिशा आणि गोल डोळे दिले. सीओ साहेब आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "इसको दूध पिलाओ." रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही त्याचे डोळे बारीक करत बसलो होतो.

चहाबिस्किट

इसको दूध पिलाओ =))

सुपारीबाज

फिटरकाकांचा प्रतिसाद आवडला, पण मूळ खटकणं बरोबरच आहे. फ्लाइंग बुलेट्स, बॅटल ॲक्सेस, टस्कर्स, हंटिंग हॉक्स. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं उलटली तरी नावं साहेबाचीच? नौदलाने बघा, २ सप्टेंबर २०२२ ला नव्या विक्रांत युद्धनौकेच्या समारंभात आपल्या ध्वजावरून इंग्रजांचा सेंट जॉर्जचा क्रॉस काढून टाकला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन त्यावर आणला. वर्षभराने मालवणला नौदल दिनी खांद्यावरच्या पट्ट्यांचंही जाहीर झालं. हवाई दलाला काय हरकत आहे?

लोहगाव_धावपट्टी

@सुपारीबाज, क्रॉस २००१ सालीच एकदा काढला होता, २००४ ला परत आला, २०२२ ला पुन्हा गेला. म्हणजे एका फटक्यात घडलेली गोष्ट नाही. आणि हवाई दलाच्या ध्वजातही ८ ऑक्टोबर २०२३ ला बदल झालाय, प्रयागराजच्या संचलनात. उजव्या कोपऱ्यात वर हवाई दलाचं स्वतःचं चिन्ह आलं: सिंह, त्याखाली पंख पसरलेला हिमालयातला गरुड आणि 'नभःस्पृशं दीप्तम्'.

नावांचं म्हणाल तर जिथे नवं बारसं होतं तिथे देशी नावंच ठेवलीत की. सूर्यकिरण, सारंग, गरुड कमांडो, तेजस, ध्रुव, प्रचंड. स्क्वाड्रनची नावं जुनी आहेत म्हणून इंग्रजी आहेत. आजोबांचं नाव विल्यम असतं तर आता बदललं असतंत का?

सुपारीबाज

आमच्या आजोबांचं नाव धोंडीबा होतं. ते मात्र वडिलांनी कागदोपत्री 'डी. बी.' केलं.

शब्दार्थी

ब्रीदवाक्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं माझ्या आवडीचं.

'नभःस्पृशं दीप्तम्' हे गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या चोविसाव्या श्लोकातलं. आकाशाला भिडलेलं, धगधगतं. पण हे कोण म्हणतंय ते बघा. विश्वरूप पाहून गर्भगळीत झालेला अर्जुन म्हणतोय. त्याच श्लोकात पुढे आहे, 'धृतिं न विन्दामि शमं च', म्हणजे माझा धीर सुटलाय, मला चैन पडेना. मला हे फार आवडतं. 'आम्ही असे, आम्ही तसे' ही फुशारकी इथे नाही. समोर उभं राहून ज्याने ते पाहिलं, त्याच्या तोंडचे शब्द आहेत. विमानदलाचं ब्रीद म्हणून, जमिनीवरून वर बघणाऱ्याला काय दिसतं, त्याचं वर्णन घेतलंय.

१७ नंबरचं 'उदयम् अजस्रम्' आहे. अजस्र म्हणजे आपण मराठीत 'प्रचंड मोठं' असं वापरतो (अजस्र अजगर वगैरे), मूळ अर्थ 'न थांबणारं, अखंड'. तेव्हा ते 'अवाढव्य उदय' नव्हे हो.

१८ नंबर, फ्लाइंग बुलेट्स: 'तीव्र और निर्भय'. साधी हिंदी. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असताना नॅट विमान घेऊन उडालेले निर्मलजीतसिंग सेखों याच स्क्वाड्रनचे. हवाई दलातले एकमेव परमवीरचक्र. त्या दिवसानंतर ती दोन विशेषणं वेगळी समजावून द्यावी लागत नाहीत.

आणि तेजसची पहिली स्क्वाड्रन, ४५ नंबर, फ्लाइंग डॅगर्स. त्यांचं ब्रीद 'अजिता रणे'.

चहाबिस्किट

अजित राणे??? आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत!

शब्दार्थी

अपेक्षित होतं :) 'अजिताः रणे', पुढे र आल्यामुळे विसर्ग पडला. रणात न जिंकले गेलेले. अनेकवचन आहे, एकटे राणे नव्हेत.

चहाबिस्किट

मग मेंटेनन्सच्या बाबतीत एकवचनीच आहेत ते.

गोमंतकी

दाबोळीच्या बाजूचा माणूस आहे, तेव्हा नौदलाचं मी सांगतो. इथे चर्चा सगळी हवाई दलाचीच चाललीय.

आयएनएएस ३००, म्हणजे नौदलाची ३०० नंबरची विमान-स्क्वाड्रन, 'व्हाइट टायगर्स'. पांढरा वाघ, झेप घेताना. ही स्क्वाड्रन ७ जुलै १९६० ला वेल्समधल्या ब्रॉडी तळावर सी-हॉक विमानांनी सुरू झाली, जुन्या विक्रांतसाठी. १९७१ ला विक्रांतवरून उडून चितगाव आणि कॉक्स बाजार यांच्यावर हल्ले केले ते याच वाघाने. मग डिसेंबर १९८३ मध्ये सी-हॅरियर दाबोळीला उतरली. लहानपणी वास्कोला मामाच्या घरी असलो की ती पाहणं हाच उद्योग. विमान हवेत थांबतं, हळूहळू खाली येतं आणि कानठळ्या बसवतं. मामी दर वेळी म्हणायची, आता माझी बरणी पडणार. शेपटीवरचा तो पांढरा वाघ दुरूनसुद्धा ओळखू यायचा, कारण करड्या रंगावर तेवढंच पांढरं.

मे २०१६ ला सी-हॅरियर निवृत्त झाली आणि त्याच समारंभात वाघ मिग-२९के कडे गेला. म्हणजे ५६ वर्षांत तीन विमानं, वाघ एकच. फिटरकाका म्हणतात ते हेच.

कुणी गोव्याला येणार असाल तर बोगमाळ्याच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे ही जुनी विमानं उघड्यावर उभी आहेत. मुलांना घेऊन जा. दुपारी बाराला नको, पत्रा तापतो.

रानवाटा

पांढरा वाघ १९६० साली? रीवाच्या महाराजांनी 'मोहन' हा पांढरा बछडा १९५१ ला पकडला. त्याच्यापासूनच पुढे बहुतेक प्रजनन झालं. तेव्हा देशभर पांढऱ्या वाघाचं अप्रूप होतं. नौदलाच्या पांढऱ्या गणवेशाला तो रंगाने शोभतोही.

बाकी प्राण्यांचं म्हणाल तर माझी आवडती स्क्वाड्रन ४ नंबर, 'ऊरियल्स'. किती जणांना ऊरियल म्हणजे काय माहीत आहे? रानमेंढा. मोठी वळलेली शिंगं, गळ्याखाली दाढी, पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेत आणि त्या पलीकडे उघड्या बोडक्या डोंगरउतारांवर राहणारा. स्क्वाड्रन १९४२ साली पेशावरला उभी राहिली. तिथे माणसांनी खिडकीतून बाहेर बघितलं तेव्हा जे दिसलं ते त्यांनी घेतलं. ब्रिटिशांच्या ६० नंबर स्क्वाड्रनचंही असंच, वायव्य सरहद्दीवर काढलेल्या दिवसांची खूण म्हणून चिन्हात मारखोरचं डोकं. मारखोर म्हणजे पीळदार शिंगांची रानबकरी.

वाघ-सिंह कुणीही काढतं. मेंढा काढायला धाडस लागतं.

सुपारीबाज

आणि आता पेशावर तिकडे, ऊरियल इकडे.

रानवाटा

हो. २०२३ मध्ये तो ऊरियल मिग-२१ वरून उतरून सुखोई-३० वर बसला. ज्या डोंगरात राहतो तिथे त्याला व्हिसा लागेल.

लोहगाव_धावपट्टी

४ नंबरवरून आठवलं. विमानांच्या पंखावर जे वर्तुळ असतं त्याची गोष्ट या मेंढ्याशी मजेदार जुळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आपल्या विमानांवर ब्रिटिश वर्तुळ होतं: बाहेर निळं, मधे पांढरं, आत लाल ठिपका. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पंचाईत झाली, कारण जपानी विमानांवर लाल गोळा. खालून तोफवाल्याला काय, लाल दिसलं की मार. म्हणून या भागातल्या विमानांवरून लाल रंगच काढून टाकला आणि गडद निळा-फिका निळा असं वर्तुळ आलं. आणि लाल गोळ्याच्या भीतीने ज्यांनी रंग बदलले, त्यांतलीच ही ४ नंबर स्क्वाड्रन १९४६ ला स्पिटफायर घेऊन चक्क जपानला गेली, दोस्तांच्या ताबा-फौजेत!

स्वातंत्र्यानंतर मधली दोन-तीन वर्षं वर्तुळाच्या जागी अशोकचक्र होतं. १९५० ला हवाई दलाच्या नावातला 'रॉयल' शब्द गेला आणि आजचं वर्तुळ आलं: बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. चक्र सुंदर होतं, पण चोवीस आरे दीड मैलावरून कुणाला दिसणार?

@कागदी_विमान, लेकीला हे सांगा. चिन्ह आधी लांबून ओळखू आलं पाहिजे, अर्थ नंतर.

ओझरची_पोरं

+१ लांबून ओळखण्याला. आम्ही ओझरला विमान कारखान्याजवळ वाढलो. नवीन सुखोई पहिल्यांदा उडायचं तेव्हा अंगावर नुसता पिवळट-हिरवा अस्तराचा रंग, आंघोळ न करता शाळेत आलेल्या पोरासारखं. रंगून गेलं की ते परकं व्हायचं.

बाराचा_भाव

एक वेगळा मुद्दा. चिन्ह ठीक, पण हल्ली खांद्यावर लावतात ते पॅच? २०१९ च्या फेब्रुवारीनंतर ५१ नंबरने 'फाल्कन स्लेयर्स' (फाल्कन म्हणजे एफ-१६ विमान) आणि 'ॲमराम डॉजर्स' (ॲमराम हे अमेरिकन क्षेपणास्त्र, ते चुकवणारे) असे पॅच काढले होते, सगळीकडे फोटो फिरत होते. मला ते जरा थिल्लर वाटलं. सेनादलाने असं मिरवावं का?

निवृत्त_फिटर

दोन गोष्टींची गल्लत होतेय. क्रेस्ट म्हणजे क्रेस्ट, त्याला मंजुरी असते, ते झेंड्यावर, दारावर, ढालीवर येतं. पॅच हा ओव्हरऑलवरचा कापडी तुकडा. एक छातीवर नावाचा, एक स्क्वाड्रनचा, एक विमानाचा. त्या विमानावर हजार तास झाले की 'एक हजार तास'वाला. कुठल्या सरावाला गेलो तर त्याचा. यातले बरेचसे पोरांनी पोरांसाठी काढलेले असतात. ज्याने ते क्षेपणास्त्र खरोखर चुकवलंय त्याने 'चुकवणारा' असं लिहिलं तर मी कोण बोलणार? मी खाली हँगरमध्ये होतो आयुष्यभर.

बाराचा_भाव

चुकवणाऱ्याने लावलं तर मान्य. पण तोच पॅच आता ऑनलाइन दीडशे रुपयांना मिळतो आणि आमच्या गल्लीतला एक जण तो लावून स्कूटरवर पावभाजी खायला जातो.

चहाबिस्किट

खड्डे चुकवत जात असेल. डॉजर आहेच तो.

परदेशस्थ_पुणेकर

उशिरा आलो. पॅचवरची थट्टा जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत डिस्नेच्या चित्रकारांनी युनिटांसाठी हजाराहून जास्त चिन्हं काढून दिली. चीनमध्ये लढलेल्या 'फ्लाइंग टायगर्स'चा पंखवाला वाघोबा त्यांनीच काढलेला, इंग्रजी 'व्ही'मधून उडी मारणारा. तेव्हा @कागदी_विमान, पंख असलेल्या वाघाला परंपरा आहे. आपल्या १ नंबर स्क्वाड्रनचाही वाघच, 'एकता में शक्ति'. १९३३ ला कराचीला ४ वापिती विमानांवर सुरू झालेली, आता मिराज-२००० वर. लेकीचं अगदीच चुकलेलं नाही. तिचे फक्त बाकीचे सहा जिन्नस जास्त झाले.

इथे ब्रिटनमध्ये ३१ नंबर स्क्वाड्रनच्या चिन्हात तारा आहे, आणि लॅटिन ब्रीदाचा अर्थ 'भारताच्या आकाशात पहिले'. १९१५ ला रिसालपूरला आलेली ती पहिली लष्करी स्क्वाड्रन. नंतर ते लोक जर्मनीत गेले, इराकवर उडाले, पण फितीवर अजून आपलंच आकाश.

सुपारीबाज

'आपलंच आकाश' म्हणताय, पण ते आपल्यावरच उडायला आले होते ना? वायव्य सरहद्दीवर गावांवर बाँब टाकणं हे तेव्हाचं काम. मारखोर काढला, ऊरियल काढला, छान. खाली राहणाऱ्या माणसांचं काय? हे कुणाच्या फितीवर नसतं.

परदेशस्थ_पुणेकर

मान्य. आणि ते काम आपल्या १ नंबरनेही वझिरिस्तानात केलंय, वापिती घेऊनच. चिन्ह काढणारा काय दाखवायचं ते निवडतो, तसं काय नाही दाखवायचं तेही निवडतो.

सुईदोरा

इतके दिवस नुसता वाचत होतो. माझा संगणकी भरतकामाचा धंदा आहे, बारा सुयांचं मशीन. शाळा, कॉलेजं, सिक्युरिटी एजन्सी, क्रिकेट क्लब यांचे पॅच करतो. तेव्हा शेवटी माझ्याच गळ्यात येणार आहे तो आठ गोष्टींचा वाघ, म्हणून बोलतो.

पॅच साधारण तीन इंची. चित्राचं आधी पंचिंग होतं, म्हणजे कुठला टाका कुठून कुठे जाणार ते कॉम्प्युटरवर ठरतं. खाली बुकरम, वर कापड. वाघाचे पट्टे एकमेकांना चिकटले की तिथे दोऱ्यावर दोरा चढतो, सुई तुटते, आणि पॅच पापडासारखा वाकतो. किल्ल्याचे बुरूज तीन इंचात तांदळाएवढे येतात. तेजस तर माशी दिसेल. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो, गिऱ्हाईक म्हणतं, "पण मोबाइलवर किती छान दिसतंय."

आणि खरी परीक्षा देवनागरीची. इंग्रजी कॅपिटल अक्षरं गुमान उभी राहतात. आपल्याला वर वेलांट्या, खाली उकार-ऋकार, आणि शिरोरेषा सलग मारली तर कापड आवळते, शब्द मधे खचतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर केलं की त्याची भोकं बुजतात. 'ब' चा 'व' होतो, 'ष' चा 'प' होतो. म्हणून खरं सांगतो, नावं इंग्रजीत आणि ब्रीद संस्कृतात यामागे इतिहास असेल तो असेल, पण शिंप्याचंही थोडं म्हणणं असावं.

माझीच चूक सांगतो. एका कॉलेजच्या ८० पॅचची ऑर्डर होती, वर 'नभःस्पृशं दीप्तम्'. पंचिंग मी स्वतः रात्री बसून केलं, हलन्तसुद्धा नीट आला. सकाळी मुलगा आला धागे कापायला. कामाला नवा, हाताला स्वच्छ. त्याने 'नभ'च्या पुढच्या दोन गाठी दिसल्या तशा ऐंशीच्या ऐंशी पॅचवरून व्यवस्थित कातरून टाकल्या. त्याला वाटलं दोरा सुटलाय. विसर्ग होता तो! मी दुपारी पाहिलं तोवर वेल्क्रोसुद्धा शिवून झालं होतं.

शब्दार्थी

विसर्गाचं विसर्जन. दंडवत घ्या.

चहाबिस्किट

मग पुढे काय केलंत?

सुईदोरा

ऐंशी पॅचवर हाताने दोन दोन गाठी. एकशे साठ टिंबं. बायको मदतीला होती. ती अजून कुठे विसर्ग दिसला की माझ्याकडे बघते.

गोमंतकी

=)) धागा वसूल.

मीच_तो

कुठली स्क्वाड्रन सध्या कुठल्या तळावर आहे याची कुणी यादी देईल का? विमानांच्या संख्येसकट?

व्यवस्थापक

@मीच_तो, नको. बाकीच्यांनीही तळ, संख्या, हँगरचे फोटो वगैरे टाळावं. चिन्हांबद्दल चालू द्या.

बाराचा_भाव

एक राहिलंय. स्क्वाड्रन बंद झाली की चिन्हाचं काय होतं? सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची मिग-२१ उतरली, २३ नंबर 'पँथर्स'ची. त्या पँथरचं आता काय?

निवृत्त_फिटर

त्याला 'नंबरप्लेट होणं' म्हणतात. युनिट मोडतं, माणसं बदलून जातात, पण नंबर आणि चिन्ह राखून ठेवतात. नवं विमान आलं की तोच नंबर पुन्हा जागा होतो. १७ नंबर अशीच झोपली होती, १० सप्टेंबर २०१९ ला अंबाल्याला पुन्हा उभी केली, तेव्हा राफेल आलेलंही नव्हतं. ते आलं पुढच्या जुलैत. म्हणजे आधी बाण आला, मग विमान. कारगिलच्या वेळी १७ नंबरचे कमांडिंग ऑफिसर धनोआ होते, त्यांनीच हवाई दलप्रमुख म्हणून ती पुन्हा उभी केली. त्यांचे फ्लाइट कमांडर अजय आहुजा २७ मे १९९९ ला गेले. राफेल घेऊन उडणाऱ्या पोराने आहुजांना पाहिलेलं नाही, पण छातीवर बाण तोच आहे.

१०२ नंबरचं नाव 'ट्रायसोनिक्स', कारण मिग-२५ आवाजाच्या तिप्पट वेगाच्या जवळपास जायचं. ते विमान २००६ ला गेलं. स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली सुखोईवर. सुखोई काही तिप्पट जात नाही. नाव मात्र तेच, कुणी बदललं नाही. २८ नंबर अजून 'फर्स्ट सुपरसॉनिक्स'च आहे, १९६३ ला पहिलं मिग-२१ त्यांच्याकडे आलं म्हणून. आता सुपरसॉनिक कोण नाही? @सुपारीबाज, मी इंग्रजी नावांची वकिली करत नाही. पण नाव बदललं की ही सगळी पानं नव्याने लिहावी लागतील, एवढंच.

सुपारीबाज

काका, तुमच्यापुढे बोलणं खुंटलं. जुनी राहू द्या. नवी स्क्वाड्रन काढाल तेव्हा तरी एखादं मराठी, तमिळ, आसामी नाव येऊ द्या, एवढंच म्हणणं.

निवृत्त_फिटर

त्याला माझी सही.

कागदी_विमान

मंडळी, दहा दिवस आलो नाही, माफ करा. धागा प्रिंट काढून लेकीच्या टेबलावर ठेवला होता. अबोला संपलाय.

तिच्या गटाने वाघ रद्द केला. ऊरियलवाला प्रतिसाद वाचून 'आपल्या मैदानावर काय आहे' असं शोधायला लागली पोरं. त्यांच्या परेडच्या मैदानावर कोपऱ्यात टिटवीने अंडी घातलीत, उघड्यावर, खड्यांत. सकाळी कॅडेट तिकडून मार्च करत गेले की टिटवी डोक्यावरून झेपा घेते. सव्वासहा फूट उंचीचा अंडर ऑफिसर रांग मोडून पळाला म्हणे. त्यामुळे चिन्हात फक्त टिटवी, झेप घेताना. काळं डोकं, पांढरा पोटाचा भाग, लाल चोच. बाकी काही नाही.

निवृत्त_फिटर

अरे देवा, टिटवी! धावपट्टीवर टिटवी म्हणजे आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी. इंजिनात जाते. फटाके वाजवून हाकलायचो.

पण चित्र चांगलं होईल.

रानवाटा

मेंढ्यानंतर टिटवी. या मुलांना भवितव्य आहे.

शब्दार्थी

आणि ब्रीद? 'जागर्मि' सुचवू का? मी जागा आहे.

कागदी_विमान

सांगितलं मी. लेक म्हणाली, सुईदोराकाकांना हलन्त आणि विसर्ग नकोत, आणि सुपारीबाजकाकांना मराठी हवंय. पोरांनी एकमताने ठरवलंय: 'डोळा लागत नाही'.

शब्दार्थी

वा! माझं 'जागर्मि' मागे घेतो.

सुईदोरा

वाचलं. 'ळ' आहे त्यात. दोन्ही भोकं बारीक असतात. अक्षर सात मिलिमीटर ठेवा, नाहीतर मशीनवरच डोळा लागेल. चित्र पाठवा, विसर्गवाल्या मुलाला त्या दिवशी सुट्टी देतो.